जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतील आवाजाची विकृती

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईहून इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे प्रसारण सुरू झाले. पुढे १९३६ साली सरकारी नभोवाणी सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीचा आरंभ झाला. या तीस वर्षांत भारतीय श्रोत्यांच्या कानांवर जो आवाज पडला, तो जवळजवळ सर्वस्वी निर्वात नलिकांतून, म्हणजेच बोलीभाषेत ज्यांना व्हॉल्व्ह म्हणतात त्यांच्यातून, येत होता. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्यानंतर पंधरा-वीस वर्षांत ट्रान्झिस्टरचे छोटे रेडिओ आपल्याकडेही घरोघरी पोचले आणि लाकडी पेटीतले मोठे रेडिओ दिवाणखान्यातून माळ्यावर गेले. त्यांतील पुष्कळसे अद्याप तेथेच आहेत. असा एखादा रेडिओ खाली काढून, पुसूनपासून सुरू केला, तर बहुधा तो अगदीच मुका निघत नाही. तो बोलतो, परंतु त्याचा आवाज फाटलेला, घोगरा किंवा नाकातून आल्यासारखा असतो. या दोषाची कारणे कोणती आणि ती कोणत्या क्रमाने शोधावी, याचे विवेचन या प्रकरणात केले आहे.

मुका रेडिओ दुरुस्त करणे पुष्कळदा सोपे असते. कारण मार्ग कोठेतरी पूर्णपणे तुटलेला असतो. विकृत आवाजाचे तसे नसते. सर्व भाग काम करीत असतात, पण एखादा भाग आपले काम नीट करीत नसतो. शिवाय हा दोष केवळ कानाला त्रास देऊन थांबत नाही. ज्या बिघाडामुळे आवाज फाटतो, त्याच बिघाडामुळे शेवटच्या व्हॉल्व्हवर प्रमाणाबाहेर भार पडत असतो आणि काही दिवसांत किंवा काही तासांतच तो व्हॉल्व्ह व त्याला जोडलेले रोहित्र जळून जाण्याचा संभव असतो. म्हणून फाटका आवाज ही एक पूर्वसूचना आहे, असे समजावे. 'चालतो आहे तोवर चालू द्यावा' हे धोरण येथे महागात पडते.

विकृती म्हणजे काय

विकृती आणि खरखर यांत प्रथम भेद केला पाहिजे. कार्यक्रमाच्या मागे सतत ऐकू येणारी खरखर, चरचर किंवा गुणगुण ही बाहेरून मिसळलेली भर असते. तिच्यामागे मूळ आवाज शाबूत असतो. आजच्या घरांतील एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मध्यम लहरींवर अशी खरखर भरपूर निर्माण करतात, आणि तिचा दोष रेडिओकडे नसतो. घरातील ही उपकरणे बंद केल्यावर खरखर थांबली, तर पेटी उघडण्याचे कारण उरत नाही. विकृतीत मात्र मूळ आवाजाचा आकारच बदलतो. गायकाचा स्वर लांबला की तो फुटू लागतो, 'स' आणि 'श' हे वर्ण थुंकल्यासारखे उमटतात, तबल्याचा बायाँ पुठ्ठ्यावर मारल्यासारखा वाजतो.

याचे कारण व्हॉल्व्हच्या कार्यपद्धतीत आहे. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या ऋणाग्रापासून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धन दाब असलेल्या धनाग्राकडे ओढले जातात. १९०४ साली फ्लेमिंग यांनी तयार केलेल्या व्हॉल्व्हमध्ये ही दोनच अग्रे होती. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी त्यांच्या दरम्यान तिसरे अग्र बसविले, तीच जाळी. जाळीवरील दाबात लहानसा बदल केला, की धनाग्राच्या प्रवाहात मोठा बदल होतो, आणि विवर्धनाचे सगळे तत्त्व एवढ्यात सामावलेले आहे. परंतु हा बदल प्रमाणशीर राहावा, यासाठी जाळी ऋणाग्राच्या मानाने काही व्होल्टांनी ऋण ठेवावी लागते. या स्थिर ऋण दाबाला कारागीर 'बायस' म्हणतात.

बायसची तुलना झोपाळ्याच्या मध्यस्थितीशी करता येईल. झोपाळा भिंतीपासून पुरेशा अंतरावर टांगलेला असेल, तर तो दोन्ही बाजूंना सारखा झोके घेतो. तो भिंतीजवळ टांगला, तर प्रत्येक झोक्याला एका बाजूने भिंतीवर आपटतो. बायस चुकला म्हणजे ध्वनिसंकेताची एक बाजू अशीच आपटते. तरंगाचा माथा छाटला जातो, आणि मूळ आवाजात नसलेले स्वर त्यात निर्माण होतात. कानाला जे फाटलेपण जाणवते, ते हेच.

काम सुरू करण्यापूर्वी

व्हॉल्व्ह रेडिओत २५० ते ३०० व्होल्टांचा दाब असतो आणि रेडिओ बंद केल्यावरही तो मोठ्या धारित्रांत काही काळ साठून राहू शकतो. म्हणून प्लग काढल्यानंतर या धारित्रांच्या टोकांवर काही हजार ओहमांचा, चांगल्या जाडीचा रोधक क्षणभर जोडून ती रिकामी करावी आणि मीटरने खात्री करून घ्यावी. चालू रेडिओवर मोजमाप करताना एकच हात वापरावा. दुसरा हात यंत्रापासून दूर ठेवावा. जमिनीवर कोरडी लाकडी फळी किंवा रबरी चटई असावी.

याहून मोठा धोका ज्या रेडिओंत वीजपुरवठ्याचे रोहित्र नसते त्यांत असतो. कलकत्त्यासारख्या शहराच्या काही भागांत दीर्घकाळ एकदिश वीजपुरवठा होता आणि रोहित्र एकदिश प्रवाहावर चालत नाही. म्हणून दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारे रेडिओ बनविले जात. यांच्या व्हॉल्व्हची नावे बहुधा 'यू' या अक्षराने सुरू होतात, उदाहरणार्थ यूसीएच ८१ किंवा यूएल ८४, आणि सर्व व्हॉल्व्हचे तापक एका रांगेत जोडलेले असतात. अशा रेडिओत लोखंडी सांगाड्याचा थेट घरातील विजेशी संबंध असतो. प्लग उलटा बसला तर सांगाडा पूर्ण २३० व्होल्टांवर जिवंत होतो, आणि मागचा पुठ्ठा किंवा बटणावरील स्क्रू निघालेला असेल तर त्याला लागलेला हात प्राणावर बेतू शकतो. वीज विलग करणाऱ्या रोहित्राशिवाय असा रेडिओ उघड्यावर कधीही चालवू नये. 'ई' अक्षराने सुरू होणारे, ६.३ व्होल्टांचे तापक असलेले व्हॉल्व्ह ज्यांत असतात, ते रेडिओ बहुधा रोहित्राचे असतात. तथापि नावावर विसंबून न राहता रोहित्र प्रत्यक्ष पाहून खात्री करावी. पुढील विवेचन अशा रोहित्राच्या रेडिओला अनुलक्षून केले आहे.

वर्षानुवर्षे बंद असलेला रेडिओ एकदम पूर्ण दाबावर सुरू करू नये. जुने कारागीर अशा वेळी 'सिरीज दिवा' वापरीत. ६० वॅटचा तारेचा साधा दिवा विजेच्या मार्गात रेडिओच्या आधी जोडला जातो. रेडिओत कोठे शॉर्ट असेल, तर दिवा पूर्ण तेजाने पेटतो आणि रेडिओ वाचतो; सर्व ठीक असेल, तर तो प्रथम उजळून मग मंद होतो. या कामाला एलईडी दिवा चालत नाही.

दोष कोणत्या विभागात आहे

व्हॉल्व्ह रेडिओचे तीन विभाग कल्पिता येतात. पहिल्या विभागात आकाशकातून आलेल्या लहरी निवडल्या जातात, त्यांची कंप्रता बदलली जाते आणि त्यांतून ध्वनिसंकेत वेगळा काढला जातो. दुसरा विभाग ध्वनिसंकेताचे विवर्धन करून तो ध्वनिक्षेपकापर्यंत पोचवितो. तिसरा विभाग वीजपुरवठ्याचा. दोष पहिल्या विभागात आहे की दुसऱ्या, हे ठरविण्याची सोय बहुतेक मोठ्या रेडिओंत निर्मात्यांनीच करून ठेवली आहे. रेडिओच्या मागील बाजूस ग्रामोफोनसाठी दोन छिद्रे असतात. तेथून दिलेला संकेत पहिला विभाग वगळून थेट दुसऱ्या विभागात शिरतो.

या छिद्रांत तबकडीवादकाचा किंवा मोबाइलचा ध्वनिसंकेत द्यावा. मोबाइलच्या डाव्या व उजव्या तारा एकत्र जोडताना प्रत्येकीत सुमारे १,००० ओहमांचा रोधक घालावा. संगीत येथेही फाटलेलेच ऐकू आले, तर दोष दुसऱ्या किंवा तिसऱ्या विभागात आहे. संगीत स्वच्छ आले आणि फक्त नभोकेंद्र फाटले, तर दोष पहिल्या विभागात आहे. आज अनेक मध्यम लहरी प्रक्षेपक बंद झाले असल्यामुळे ही चाचणी विशेष उपयोगाची आहे. मात्र रोहित्र नसलेल्या रेडिओला मोबाइल कधीही जोडू नये. त्या तारेतून घरातील वीज थेट हातातील यंत्रात येऊ शकते.

दहापैकी बहुतेक वेळा दोष दुसऱ्या विभागात, आणि त्यातही एकाच लहानशा घटकात सापडतो. म्हणून त्याचा विचार अधिक विस्ताराने करणे आवश्यक आहे.

गळके धारित्र

ध्वनिविभागात साधारणपणे दोन व्हॉल्व्ह असतात. पहिला लहान त्रि-अग्री व्हॉल्व्ह संकेताचा दाब वाढवितो. दुसरा, उदाहरणार्थ ईएल ८४, ध्वनिक्षेपक हलविण्याइतकी शक्ती देतो. पहिल्याच्या धनाग्रावर सुमारे १०० व्होल्टांचा स्थिर दाब असतो, तर दुसऱ्याच्या जाळीवर स्थिर दाब शून्य असावा लागतो. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचे एक धारित्र. कारागिरांच्या भाषेत हा 'कपलिंग कंडेन्सर'. ध्वनीचा बदलता संकेत त्याने पुढे जाऊ द्यायचा आणि १०० व्होल्टांचा स्थिर दाब मात्र अडवून धरायचा, एवढेच त्याचे काम.

जुनी धारित्रे कागदाची असत. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये कागद ठेवून त्यांची गुंडाळी करीत आणि ती मेणात बुडवून काढीत. मेणाला कालांतराने बारीक तडे जातात आणि कागद हवेतील ओलावा शोषून घेतो. कोकण, केरळ, बंगाल यांसारख्या दमट प्रदेशांत प्रत्येक पावसाळा या गुंडाळीत थोडे पाणी सोडून जातो. ओला कागद हा उत्तम विसंवाहक राहत नाही. त्यातून स्थिर दाब झिरपू लागतो. धारित्र बाहेरून मात्र नव्यासारखे दिसू शकते.

ही गळती किती अल्प असली तरी पुरते, हे आकड्यांवरून स्पष्ट होईल. धारित्राचा गळतीरोध २० मेगओहम आहे असे मानू. साध्या मीटरवर हा रोध जवळजवळ अनंत दिसतो. शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीपासून सांगाड्याकडे १ मेगओहमचा रोधक असतो. १०० व्होल्ट या २१ मेगओहमांवर विभागले जातात आणि जाळीच्या वाट्याला सुमारे ४.८ व्होल्ट धन दाब येतो. जेथे शून्य हवे तेथे जवळजवळ पाच व्होल्ट!

ईएल ८४ चे ऋणाग्र १३५ ओहमांच्या रोधकातून सांगाड्याला जोडलेले असते. धनाग्र व पडदा-जाळी यांवर २५० व्होल्ट असताना त्यातून सुमारे ५३ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि ऋणाग्रावर ७.३ व्होल्टांच्या आसपास दाब उत्पन्न होतो. हाच त्याचा बायस. यांपैकी ४८ मिलिअँपिअर धनाग्राचे. २५० व्होल्ट गुणिले ४८ मिलिअँपिअर म्हणजे १२ वॅट. या व्हॉल्व्हच्या धनाग्राने उष्णतेच्या रूपात सहन करावयाची कमाल मर्यादाही १२ वॅटच आहे. तात्पर्य, हा व्हॉल्व्ह निरोगी अवस्थेतही मर्यादेच्या काठावरच काम करीत असतो.

आता जाळीवर ४.८ व्होल्ट धन दाब आला, की प्रवाह वाढतो आणि ऋणाग्राचा दाब १० व्होल्टांवर जातो. १० ला १३५ ने भागले, तर ७४ मिलिअँपिअर मिळतात. व्हॉल्व्हवरील भार दीडपटीच्या जवळ पोचतो. त्याच वेळी जाळी व ऋणाग्र यांतील अंतर ७.३ वरून सुमारे ५.२ व्होल्टांवर येते. पूर्ण आवाजासाठी संकेताच्या शिखराला सुमारे ६ व्होल्ट लागतात. झोपाळा भिंतीवर आपटतो तो येथे. आवाज लहान ठेवला असता तो बरा वाटतो आणि मोठा करताच फाटतो, याचेही कारण हेच. धारित्र तापले की गळती आणखी वाढते; म्हणून पहिली दहा मिनिटे स्वच्छ आणि मग हळूहळू बिघडणारा आवाज हे या दोषाचे विशेष लक्षण मानले जाते.

हा दोष पकडण्यासाठी जाळीवरील दाब मोजावा. ईएल ८४ च्या बैठकीत जाळी क्रमांक २ च्या पिनवर, ऋणाग्र ३ वर, धनाग्र ७ वर आणि पडदा-जाळी ९ वर असते. मोजमापात एक फसगत संभवते. काट्याचा जुना मीटर दर व्होल्टला २०,००० ओहमांचा असला, तर १० व्होल्टांच्या पट्टीवर त्याचा स्वतःचा रोध २ लाख ओहम होतो. तो जाळीच्या रोधकाला समांतर जोडला जाताच प्रत्यक्षातले ४.८ व्होल्ट मीटरवर जेमतेम ०.८ व्होल्ट दिसतात, आणि परीक्षक निर्धास्त होतो. १० मेगओहम रोधाच्या अंकीय मीटरवर हाच दाब सुमारे ४.३ व्होल्ट दिसेल. काट्याचाच मीटर हाताशी असेल, तर जाळी सोडून ऋणाग्राचा दाब मोजावा. तेथील १३५ ओहमांपुढे मीटरचा रोध नगण्य असतो आणि आकडा विश्वसनीय मिळतो.

जाळीवर धन दाब आढळला, तर धारित्राचे जाळीकडील टोक डाख वितळवून मोकळे करावे. त्यानंतर जाळी शून्यावर आली, तर दोष धारित्राचा. त्याजागी तितक्याच मूल्याचे, ४०० किंवा ६३० व्होल्टांचे, पॉलिस्टर पटलाचे नवे धारित्र बसवावे. त्याची किंमत अत्यल्प असते. ते न बदलल्याने होणारी हानी मात्र भरून काढणे फार कठीण असते.

व्हॉल्व्हचाच दोष

धारित्र मोकळे केल्यावरही व्हॉल्व्ह तापल्यानंतर जाळी धनच राहिली, तर दोष व्हॉल्व्हमध्ये आहे. नलिकेतील निर्वात काळाच्या ओघात किंचित बिघडतो. उरलेल्या वायूच्या अणूंवर इलेक्ट्रॉन आदळून धन आयन तयार होतात आणि ते ऋण जाळीकडे ओढले जातात. हा प्रवाह १ मायक्रोअँपिअर असला, तरी १ मेगओहमच्या रोधकावर तो १ व्होल्ट निर्माण करतो. प्रवाह वाढतो, व्हॉल्व्ह अधिक तापतो, आणखी वायू सुटतो. असे हे दुष्टचक्र चालते. या व्हॉल्व्हला बदलण्यावाचून उपाय नाही.

याच्या उलट प्रकार झिजलेल्या व्हॉल्व्हचा. ऋणाग्रावरील लेपाची इलेक्ट्रॉन देण्याची शक्ती संपत आली, की मोठ्या आवाजाला लागणारा प्रवाह तो देऊ शकत नाही. आवाज दुबळा व दबका होतो आणि ऋणाग्राचा दाब नेहमीपेक्षा पुष्कळ कमी आढळतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कंपनीने १९६०च्या दशकात असे व्हॉल्व्ह मोठ्या प्रमाणावर बनविले. आज जुन्या साठ्यातील व्हॉल्व्ह बाजारांत शोधूनच मिळवावे लागतात. म्हणूनच शाबूत व्हॉल्व्ह गळक्या धारित्रापायी बळी पडू न देणे महत्त्वाचे आहे. आवाज फाटला की प्रथम नवा व्हॉल्व्ह घालून पाहायचा, ही पद्धत या दृष्टीने घातक ठरते. धारित्र तसेच राहिले, तर नवा व्हॉल्व्हही त्याच मार्गाने जातो.

रोधक आणि ऋणाग्राचे धारित्र

कार्बनचे जुने रोधक वयानुसार आपले मूल्य बदलतात, आणि मोठ्या मूल्याच्या रोधकांत ते बहुधा वाढते. पहिल्या त्रि-अग्री व्हॉल्व्हच्या धनाग्रावरील रोधक मुळात २२० किलोओहमांचा असेल, तर तो ५०० किंवा ६०० किलोओहमांवर गेलेला आढळणे विरळा नाही. धनाग्राचा दाब त्यामुळे खाली बसतो, संकेताला वरखाली हलण्यास जागा उरत नाही, आणि विकृती अगदी लहान आवाजातही ऐकू येते. गळक्या धारित्राची विकृती मोठ्या आवाजात, तर या रोधकाची विकृती सर्व आवाजात, असा स्थूल भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. रोधक मोजताना रेडिओ बंद व धारित्रे रिकामी असावीत, आणि रोधकाचे एक टोक मोकळे करावे.

शेवटच्या व्हॉल्व्हच्या ऋणाग्रावर रोधकाला समांतर ५० किंवा १०० मायक्रोफॅरडचे, २५ व्होल्टांचे धारित्र असते. ते सुकले, तर आवाज क्षीण होतो. ते शॉर्ट झाले, तर बायस नाहीसा होऊन व्हॉल्व्ह पेटल्यासारखा तापतो. ऋणाग्रावर शून्य व्होल्ट आणि आवाज भयंकर फाटलेला, अशी स्थिती दिसताच रेडिओ ताबडतोब बंद करावा.

वीजपुरवठा

विजेच्या विभागातील मोठी धारित्रे सुकली, म्हणजे आवाजामागे घुमणारी गुणगुण येते. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने पूर्णतरंग एकदिशकारक असलेल्या रेडिओत ही गुणगुण १०० आवर्तनांची असते. ती प्रमाणाबाहेर वाढली की कार्यक्रमाच्या आवाजावरही स्वार होते आणि आवाज थरथरल्यासारखा वाटतो. ईझेड ८० सारखा एकदिशकारक व्हॉल्व्ह दुबळा झाला, तर मुख्य दाब २५० वरून १८० व्होल्टांपर्यंत घसरू शकतो आणि सर्वच व्हॉल्व्ह उपाशी राहतात. येथे एक सावधगिरी हवी. मुख्य दाब कमी दिसला म्हणून एकदिशकारकालाच दोष देऊ नये. गळक्या धारित्रामुळे शेवटचा व्हॉल्व्ह फार प्रवाह ओढीत असला, तरीही दाब असाच खाली येतो. प्रथम ऋणाग्राचा दाब पाहावा, मग निष्कर्ष काढावा.

ध्वनिक्षेपक आणि त्याचे रोहित्र

विद्युत्-मंडल निर्दोष असूनही आवाज फाटू शकतो. कारण शेवटी आवाज काढतो तो कागदाचा शंकू. तो झुरळे व उंदीर कुरतडतात, किंवा वयोमानाने तो ठिसूळ होऊन कडेला फाटतो. समुद्रकाठच्या हवेत चुंबकाच्या फटीत गंज धरतो आणि ध्वनिवेटोळे त्याला घासू लागते. रेडिओ बंद ठेवून शंकूवर दोन्ही अंगठे समोरासमोर टेकवावे आणि तो अगदी हळू आत दाबावा. घासल्याचा आवाज आला, तर दोष उघड आहे. अधिक निश्चित उपाय म्हणजे तितक्याच रोधाचा दुसरा, चांगला ध्वनिक्षेपक जोडून ऐकणे. जोडणी रेडिओ बंद असतानाच बदलावी आणि ध्वनिक्षेपकाशिवाय रेडिओ कधी चालवू नये. भार नसताना रोहित्रात उच्च दाब उसळून त्याचे वेष्टण फुटू शकते. शंकूची लहान फट पातळ कागद आणि लवचिक राहणाऱ्या गोंदाने सांधता येते. कडक होणारा गोंद लावल्यास शंकू तेथेच अडतो आणि नवी विकृती निर्माण होते.

व्हॉल्व्हला सुमारे ५,२०० ओहमांचा भार हवा असतो, तर ध्वनिक्षेपक ५ ओहमांचा असतो. या दोहोंचा मेळ रोहित्र घालते. रोधांचे गुणोत्तर १,०४०, म्हणून वेढ्यांचे गुणोत्तर त्याच्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे ३२ असते. प्राथमिक वेटोळ्याची तार केसासारखी बारीक असते. दीर्घकाळ अतिरिक्त प्रवाह वाहिला, की तिचे वेष्टण जळून काही वेढे आपसांत जुळतात. आवाज तेव्हा पातळ, दबका व विकृत होतो. हा दोष कायमचा असतो. रोहित्र पुन्हा गुंडाळून घेणे एवढाच मार्ग उरतो, आणि ते काम जाणणारे कारागीर आता थोडेच राहिले आहेत.

जवळच्या केंद्रावरच होणारी विकृती

ग्रामोफोनच्या छिद्रांतून संगीत स्वच्छ येते, दूरची केंद्रेही स्वच्छ येतात, पण जवळचे जोरदार केंद्र तेवढे फाटते. हे लक्षण फार बोलके आहे. रेडिओच्या पहिल्या विभागात स्वयंचलित नियंत्रण असते. केंद्र जितके जोरदार, तितका अधिक ऋण दाब तयार होऊन तो आधीच्या व्हॉल्व्हच्या जाळ्यांना दिला जातो आणि त्यांचे विवर्धन आटोक्यात राहते. हा दाब १ ते २ मेगओहमच्या रोधकातून जातो आणि मार्गात ०.०५ मायक्रोफॅरडच्या आसपासचे एक कागदी धारित्र असते. त्या धारित्राचा गळतीरोध १ मेगओहमवर आला आणि रोधकही तेवढाच असला, तर नियंत्रणाचा दाब निम्मा होतो. जोरदार लहरींना आवर राहत नाही आणि विवर्धक भरून वाहू लागतो. पडताळा सोपा आहे: आकाशकाची तार काढून हातभर तार जोडावी. आवाज कमी होऊन स्वच्छ झाला, तर हे धारित्र बदलावे.

आवाज फक्त बटण फिरवितानाच कर्कश होत असेल, तर ती आवाज-नियंत्रकाच्या झिजलेल्या पट्टीची तक्रार होय. सुई केंद्रावर नेमकी नसतानाही आवाज कर्कश येतो. जादूचा डोळा असलेल्या रेडिओत हिरवी पाकळी योग्य रीतीने मिटेपर्यंत सुई फिरवावी आणि मगच दोषाचा विचार करावा.

एक नमुना

समजा, वीस वर्षे बंद असलेला पाच व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्तीस आला आहे. सिरीज दिव्यावर तो सुखरूप सुरू झाला. आवाज आला, पण फाटका. दहा मिनिटांनी अधिकच फाटका. ग्रामोफोनच्या छिद्रांतूनही तेच. ऋणाग्राचा दाब १० व्होल्ट, जाळीवर चार व्होल्टांहून अधिक. जोडधारित्र मोकळे करताच जाळी शून्यावर आली. नवे धारित्र घातल्यावर ऋणाग्र ७.२ व्होल्टांवर स्थिर झाले आणि मुख्य दाबही वर चढला. मोठा आवाज सुधारला. तथापि लहान आवाजात किंचित घोगरेपणा उरला. पहिल्या व्हॉल्व्हच्या धनाग्रावर ८० ऐवजी ४० व्होल्ट आढळले आणि रोधक मोजता २२० चा ६०० किलोओहम झालेला निघाला. तो बदलल्यावर आवाज स्वच्छ झाला. दोन घटक बदलले. व्हॉल्व्ह एकही नाही.

या उदाहरणात एकच पथ्य पाळले आहे. एका वेळी एकच घटक बदलावा आणि लगेच मोजून व ऐकून पाहावे. दहा घटक एकदम बदलले, तर रेडिओ कदाचित सुधारेल, पण दोष कोणता होता हे कळणार नाही; आणि जोडणीत एखादी नवी चूक झाली असेल, तर ती शोधणे अधिक अवघड होईल. प्रत्येक बदल वहीत नोंदवून ठेवावा, काढलेले मूळ घटक एका पाकिटात घालून पेटीतच ठेवावे. पुढे कोणी हा रेडिओ उघडील, तेव्हा ती नोंद त्याला मार्गदर्शक ठरेल.

जुन्या रेडिओचा आवाज आजच्या यंत्रांइतका निर्दोष कधीच नव्हता. ईएल ८४ पूर्ण शक्तीने चालविला, तर निरोगी अवस्थेतही त्याच्या आवाजात काही टक्के विकृती असते. मध्यम लहरींवर तार स्वर मुळातच कापले गेलेले असतात. तेव्हा दुरुस्तीचे उद्दिष्ट आजच्या यंत्राशी बरोबरी करणे हे नाही. निर्मात्याने तो ज्या मापांवर बांधला, ती मापे त्याला परत मिळवून देणे, एवढेच ते आहे. ऋणाग्र आपल्या ठरलेल्या व्होल्टांवर उभे राहिले, जाळी शून्यावर आली आणि शंकू मोकळेपणाने हलू लागला, की लाकडी पेटीतून येणारा तो भरदार, किंचित मऊ आवाज आपोआप परत येतो.